ट्रेनरला पैसे देण्याआधी

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि चपला घालता घालता एका ताईंनी आम्हाला अडवले. ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला, सध्या दुचाकीवरून पार्सल पोचवतो. "जिमची हजार रुपये फी तो आपल्याच पगारातून भरतो. आता म्हणतो पर्सनल ट्रेनर लावायचा, महिन्याचे सहा हजार. तीन महिन्यांचे एकदम भरले तर पंधरा हजारांत होते म्हणे. बचत गटातून उचलू का? तुम्ही आरोग्याचे पान लिहिता, तुम्हीच सांगा."

उभ्या उभ्या आम्हाला उत्तर देता आले नाही. हे पान चालवणाऱ्या आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, एक शाळेतले क्रीडाशिक्षक आहेत आणि पाच वर्षे जिममध्ये नोकरी केलेला एक तरुण आहे. त्याच संध्याकाळी आम्ही एकत्र बसलो. तिथे जे बोलणे झाले ते ताईंपुरते ठेवण्यापेक्षा सगळ्यांसमोर मांडावे असे वाटले, कारण हाच प्रश्न आता प्रत्येक वस्तीत दोन-चार घरांत तरी आहे.

आधी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. मुलाची ही हौस हसण्यावारी नेऊ नका. गावच्या तालमीच्या मातीत आपल्या माणसाला उतरू देत नसत, अशी गावे आपल्या आजोबांनी पाहिली आहेत. समता सैनिक दलाच्या शाखेत त्यांनी लाठी आणि कवायत केली, ती काही नुसत्या व्यायामासाठी नव्हे. ताठ उभे राहण्यासाठी. आज नातू जिमच्या आरशासमोर उभा राहतो त्यातही ताठ उभे राहण्याची तीच ओढ असते. शरीर कमवायचेच आहे. पैसे कशाला द्यायचे आणि कशाला नाही, एवढेच ठरवायचे आहे.

राजा पसेनदीचा ट्रेनर

संयुत्त निकायात कोसलच्या राजा पसेनदीची एक गोष्ट आहे. सुत्ताचे नाव द्रोणपाक. राजा एका वेळी द्रोणभर भात खायचा. असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो एकदा तथागतांपुढे येऊन बसला. तथागतांनी त्याला चार ओळींची एक गाथा ऐकवली. तिचा भाव असा की जो भानावर राहून मोजून जेवतो त्याची दुखणी कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि माझे ताट वाढले की म्हणून दाखव. मी तुला रोज शंभर कार्षापण देईन. सुदस्सन रोज गाथा म्हणू लागला. राजाचे जेवण हळूहळू कमी होत एका नाळीच्या मापावर आले. अंग हलके झाल्यावर राजा आपल्याच हातापायांवरून हात फिरवत तथागतांचे उपकार आठवू लागला.

पगार देऊन ठेवलेला याहून जुना ट्रेनर आमच्या तरी वाचनात नाही. राजाने पैसे नेमके कशाचे दिले ते पाहा. शिकवण तथागतांनी दिली, आणि ती फुकट होती. राजाने पैसे दिले ते आठवण करून देण्याचे. शंभर कार्षापण राजाच्या खजिन्याला जड नव्हते. आपल्याला सहा हजार जड आहेत, म्हणून आपण हिशेब जरा बारकाईने मांडू.

पर्सनल ट्रेनर तीन कामे करतो. एक, व्यायाम बरोबर कसा करायचा ते शिकवतो: बैठकीत गुडघा कुठे हवा, वजन उचलताना पाठ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा. दोन, तुमचे शरीर, तुमचे काम आणि तुमचा हेतू पाहून आठवड्याचा बेत आखून देतो आणि दर महिन्याला तो बदलतो. तीन, तुम्ही आळस केला तर फोन करून बोलावतो, म्हणजे सुदस्सनचे काम. पहिले काम सहा-आठ आठवड्यांत शिकून होते. दुसऱ्यासाठी महिन्यातून एकदा भेट पुरते. तिसरे काम शेजारचा मित्र फुकट करतो. असे असताना वर्षभर महिन्याला ६,००० रुपये देत राहणे म्हणजे एकदा शिकलेली गोष्ट पुन्हा पुन्हा विकत घेणे झाले.

आठवड्याला तीन दिवस धरले तर महिन्याला १२ वेळा, म्हणजे एका वेळेचे ५०० रुपये. आमच्यातल्या जिममधल्या तरुणाने सांगितले ते असे: बऱ्याच जिममध्ये ट्रेनरचा ठरलेला पगार तुटपुंजा असतो. पर्सनल ट्रेनिंगच्या फीमधला वाटा आणि पावडरच्या डब्यांवरचे कमिशन, यावर त्याचे घर चालते. महिन्याला इतके ग्राहक आणायचेच असे लक्ष्य मालकाने दिलेले असते. तोही कुठल्या तरी वस्तीतलाच मुलगा असतो, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. पण तो "लाव, लाव" का म्हणतो ते माहीत असले की आपण "थांब, विचार करतो" म्हणू शकतो.

विचारून, पाहून, मग

कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत असते: केवळ गुरू म्हणतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा. जिममध्ये मात्र रुंद खांदे पाहिले की आपण हे विसरतो. ट्रेनरचे स्वतःचे शरीर हा त्याच्या विद्येचा पुरावा नव्हे. जन्मतःच काहींची अंगकाठी भरीव असते, काहींची इंजेक्शनांनी झालेली असते. शिकवता येणे ही वेगळी विद्या आहे.

आपल्याकडे डॉक्टरला किंवा नर्सला कायद्याने नोंदणी लागते तशी जिम ट्रेनरला लागत नाही. कोणीही टी-शर्ट घालून ट्रेनर होऊ शकतो. म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका. शारीरिक शिक्षणाची पदवी, सरकारच्या कौशल्य विकास योजनेतले फिटनेस ट्रेनरचे प्रमाणपत्र किंवा एखाद्या मान्य संस्थेचा अभ्यासक्रम, यांपैकी काही आहे का? बेशुद्ध पडलेल्या माणसाची छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रथमोपचार शिकला आहे का? तेही विचारा. कागद भिंतीवर लावलेला असतो, त्यावरचे नाव आणि साल वाचा.

पण कागदापेक्षा एक तास बसून पाहणे जास्त सांगून जाते. पैसे भरण्याआधी एक दिवस नुसते बसू द्या असे म्हणा. तो दुसऱ्याला शिकवताना त्याची नजर कुठे असते, समोरच्याच्या गुडघ्यांवर की मोबाइलवर? चुकले तर वजन कमी करून पुन्हा करून घेतो, की "हो जाएगा भाई" म्हणून आणखी एक चकती लावतो? वही ठेवतो का? वहीत तारीख, व्यायाम आणि वजन लिहिणारा ट्रेनर सापडला तर त्याला जपा.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो पहिल्या दिवशी तुम्हाला काय विचारतो. बीपी, साखर, दमा, छातीत दुखणे, जुने ऑपरेशन, कंबर, बाईमाणूस असेल तर बाळंतपण आणि पाळी, हे न विचारता जो थेट वजनाकडे नेतो त्याला पैसे देऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. आणखी एक प्रश्न असतो, जो चांगले चांगले ट्रेनरही विचारायचे विसरतात: दिवसभर काम काय करता?

हा प्रश्न आपल्या वस्त्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. व्यायामाचे छापील तक्ते बहुतेक खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी केलेले असतात. ज्याने दिवसभर डोक्यावरून घमेली वाहिली, गोदामात पोती चढवली, पहाटे चारपासून झाडू मारला किंवा दहा तास दुचाकी चालवली, त्याचे शरीर आधीच थकून आलेले असते. कष्ट होतातच की, मग व्यायाम कशाला, असेही काही जण म्हणतात. तेही खरे नाही. कष्टात एकच हालचाल हजार वेळा होते, एकाच बाजूवर भार पडतो आणि बाकीचे शरीर तसेच राहते. झाडू मारणाऱ्या ताईंचा एक खांदा दुखतो, दुचाकीवाल्या मुलाची मांडी मागून आखडलेली असते आणि मान पुढे आलेली असते. अशा माणसाला ट्रेनरने आखडलेले सोडवायला आणि कमी वापरलेल्या स्नायूंना बळ द्यायला शिकवले पाहिजे, आणि जड कामाच्या दिवशी "आज विश्रांती" असे सांगता आले पाहिजे. ताईंच्या मुलाला आम्ही विचारले, तर ट्रेनरला तो काय काम करतो हेच माहीत नव्हते. पाठीवर पार्सलची पिशवी घेऊन तीन-तीन मजले चढून आल्यावर तो रात्री नऊला पायांचा व्यायाम करत होता.

पहिल्याच दिवशी अतोनात व्यायाम करून घेणे याला काही ठिकाणी "बॅटरी उतरवणे" म्हणतात. त्यात मोठा धोका आहे. सवय नसलेल्या स्नायूंना एकदम ताणले तर ते आतून फुटतात आणि त्यातले द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडात अडकते. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत असह्य दुखणे, सूज आणि काळ्या चहासारखी लघवी, ही त्याची लक्षणे. अशी लघवी दिसली तर मालिश करत बसू नका, त्याच तासाला सरकारी दवाखाना गाठा. वेळेत सलाईन मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते. सोण कोळिविस चालून चालून पायांतून रक्त येईपर्यंत साधना करत होता, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली: फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. ट्रेनरनेही हे वाचायला हवे.

सिकलसेलची गोष्ट

विदर्भातल्या वाचकांनी हा भाग दोनदा वाचावा. सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो. 'एसएस' म्हणजे आजार असलेला आणि 'एएस' म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. पण उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना जीव तोडून धावले किंवा थकून कोसळेपर्यंत व्यायाम केला, तर वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. माणूस पाय धरून खाली बसतो, दम लागतो, आणि ट्रेनर किंवा सोबतचे "नाटक करतो" म्हणून उठवून पळवतात. इथेच जीव जातो.

याचा अर्थ वाहकाने व्यायाम करू नये असा नाही. त्याने करावाच, पण हळूहळू वाढवत, मध्ये थांबत, पाणी पीत, आणि पायात पेटके किंवा वेगळाच दम जाणवला की तिथेच बसून. आजार असलेल्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिमला हात लावू नये. तपासणी सरकारी रुग्णालयांत आणि विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत होते. लग्न मोडेल या भीतीने घरे अहवाल लपवतात, हे आम्हाला माहीत आहे. निदान ट्रेनरपासून आणि मैदानावरच्या सोबत्यांपासून तरी लपवू नका.

पोलीस भरतीची पोरे-पोरी यात सगळ्यात पुढे येतात. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. यासाठी जिममधला पर्सनल ट्रेनर लावणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी सायकलचा मास्तर धरण्यासारखे आहे. दंड फुगवून १६०० मीटरची वेळ कमी होत नाही. इथे मैदान, घड्याळ, खरा गोळा (मुलांचा ७.२६ किलो, मुलींचा ४ किलो) आणि धावणे जाणणारा शिक्षक लागतो. शाळेतले क्रीडाशिक्षक किंवा आधी भरती झालेला वस्तीतला दादा पहाटे तासभर द्यायला बहुधा तयार असतो. विचारणारे कमी पडतात. अकादमीला पैसे द्यायचेच असतील तर गेल्या भरतीत तिथली किती मुले लागली, ती नावे विचारा आणि त्यांतल्या दोघांना जाऊन भेटा. २०२४ साली झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. नोकरीसाठी धावणारी ती आपल्यासारख्याच घरांतली मुले होती. मैदानावर पाणी, सावली आणि थांबायला सांगणारा माणूस असलाच पाहिजे.

डबा आणि सुई

ट्रेनरचे काम व्यायामापर्यंत. तो औषध सांगू लागला की तिथे त्याची हद्द संपते.

आधी पावडरचे. व्हे पावडर म्हणजे विष नव्हे. दूध फाडून चीज किंवा पनीर काढल्यावर उरलेल्या पाण्यातले ते प्रथिन. पण त्याशिवाय शरीर बनत नाही ही थाप आहे, आणि स्वस्तातला बनावट डबा तर त्याहून वाईट. आपल्या देशाच्या पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. जड वजने उचलणाऱ्याने किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम घेतली तर पुष्कळ झाले, म्हणजे ७२ ते ९६ ग्रॅम. आता आपल्या स्वयंपाकघरात पाहा. चार अंडी, २४ ग्रॅम. सोयाबीन वडी ५० ग्रॅम, त्यातून २६. मूठभर शेंगदाणे, ७. वाटीभर डाळीला लागणारी ३० ग्रॅम कोरडी डाळ, ७. दोन ज्वारीच्या भाकरी, १० च्या आसपास. बेरीज पाऊणशेच्या घरात गेली आणि अजून सुकट-बोंबील, वजडी किंवा मटणाचा दिवस आपण मोजलाच नाही. आपल्या आज्या वाळवून ठेवलेल्या चान्यांवर घरे जगवत होत्या, त्यांना प्रथिन हा शब्द माहीत नव्हता एवढेच. किडनीचा आजार असलेल्याने मात्र हा हिशेब स्वतःच्या मनाने करू नये, डॉक्टरांना विचारावे.

सुईचे प्रकरण वेगळे आहे. आमच्या ओळखीच्या एका घरातला बावीस वर्षांचा मुलगा, रंगकाम करायचा. ट्रेनरने त्याला "कोर्स" सांगितला: बारा हजार रुपये, तीन महिने, आठवड्याला दोन इंजेक्शने. आईने गळ्यातली पोत गहाण टाकली. तिला वाटले ताकदीचे औषध आहे. अंग खरेच भरले. मग पाठ पुरळांनी भरली, घरात भांडणे सुरू झाली, आणि चौथ्या महिन्यात छातीला बाईसारखी गाठ आली. आज तो कुठेही शर्ट काढत नाही. शरीर दाखवण्यासाठी जो जिमला गेला होता, तो आता उन्हाळ्यातही बनियनवर शर्ट घालून रंग देतो.

ही औषधे पुरुष संप्रेरकाची कृत्रिम रूपे असतात. बाहेरून संप्रेरक आले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते: वृषण लहान होतात, वीर्यातले शुक्राणू घटतात, मूल होण्यात अडचण येते. यकृतावर ताण पडतो, बीपी वाढते, हृदयाची भिंत जाड होते. मुलींनी घेतले तर आवाज घोगरा होतो, दाढी-मिशा येतात, आणि आवाज पुढे पूर्ववत होईलच असे नाही. त्यात एकच सुई चौघांनी वापरली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची भीती. अलीकडे मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शन "दम टिकतो" म्हणून जिमबाहेर विकले जाते. महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे साठे अनेकदा पकडले आहेत. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब फार खाली गेला तर वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते हे औषध. ते घेऊन धावणाऱ्या पोराच्या हृदयाचे काय होत असेल, ते सांगायला नको.

आईवडिलांनी लक्ष ठेवायच्या खुणा: दोन महिन्यांत सहा-आठ किलो वाढ, पाठीवर अचानक पुरळ, झोप उडणे, चिडचिड, कपाटात लहान बाटल्या किंवा सुया. असे काही दिसले तर मारझोड करू नका. मुलाला सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात न्या, बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांना सगळे खरे सांगा. ही औषधे बंद केल्यावर काही आठवडे खोल उदासी येते, तेव्हा त्याला एकटे सोडू नका.

बायांसाठी

वस्तीतल्या बायका जिमच्या पायऱ्या चढू लागल्या आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. पैसे भरण्याआधी त्यांनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. शिकवणारी बाई आहे का, नसेल तर आपल्या वेळेला दुसऱ्या बायका असतात का? ट्रेनर हात लावण्याआधी "खांदा धरून दाखवतो, चालेल?" असे विचारतो का? न विचारता आपला व्हिडिओ काढून जाहिरातीत टाकतो का? यांतले एकही खटकले तर फी परत मागा आणि बाहेर पडा. भिडेला बळी पडू नका.

गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून ट्रेनर लावणाऱ्या पुष्कळ आहेत. दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्ट असतो, ट्रेनर नव्हे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपरच्या पैशांत तो भेटतो. आधी तिथे जा. त्याने सांगितलेले व्यायाम कागदावर लिहून आणा आणि मग ट्रेनरला दाखवा.

मधुमेह असलेल्यांनी, बाई असो वा पुरुष, खिशात साखरेची पुडी ठेवावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन व्यायाम केला तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून साखर खायची. अनवाणी व्यायाम नको, पायाची जखम कळत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण सगळे जाणतो. घराघरांत त्यांचा फोटो आहे, त्या घरांतल्या साखरेच्या तपासण्या मात्र वर्षानुवर्षे राहून जातात. व्यायाम सुरू करण्याचे निमित्त करून तेवढी एक तपासणी तरी करून घ्या.

खरे तर यांतल्या बहुतेकींना पर्सनल ट्रेनरची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. बागेतली महापालिकेची व्यायामाची साधने फुकट आहेत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्याने सुरुवात होते. शिकवणारे कोणी हवेच असेल तर पाच जणींनी मिळून एक ट्रेनर विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा बोलवावी. प्रत्येकीचे ४०० रुपये, तिचे २,००० होतात, तिलाही परवडते.

पैसे देताना

महिन्याचे महिन्याला द्या. तीन महिन्यांवर सूट, वर्षावर मोठी सूट, हे आमिष असते. जिमला टाळे लागले किंवा ट्रेनर नोकरी सोडून गेला की सूट आणि मूळ पैसे दोन्ही जातात. मोबाइलवरच्या हप्त्यांवर फी भरू नका, कारण ते कर्ज असते. जिम बंद झाली तरी कंपनी हप्ता मागतच राहते. बचत गटाचे पैसे शिक्षण, आजारपण आणि धंद्यासाठी ठेवा. आम्ही ताईंना तेच सांगितले.

कागदावर लिहून घ्या: किती वेळा, किती वेळ, कोणता ट्रेनर, आजारी पडलो तर राहिलेले दिवस पुढे मिळणार का, मध्येच सोडले तर किती परत. पावती घ्या, ऑनलाइन दिले तर मालकाच्या किंवा जिमच्या खात्यावर द्या, ट्रेनरच्या खासगी नंबरवर नको. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतचा मोबदला दिलेला असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पावती मात्र लागते.

ताईंच्या मुलाला आम्ही भेटलो तेव्हा तो आधी नाराज होता. मग म्हणाला, मित्र दोघे आहेत, त्यांनाही लावायचा आहे. तिघांनी मिळून दुसऱ्या एका ट्रेनरशी बोलणी केली: दोन महिने, आठवड्याला दोनदा, तिघांना एकत्र, महिन्याला सगळे मिळून ३,६०० रुपये, पावडर-इंजेक्शन नाही, वही ठेवायची. एकेकाच्या वाट्याला १,२०० आले. गटातून काही उचलावे लागले नाही. परिचारिका ताईंनी तिघांनाही आधी तपासणीला पिटाळले. दोघांचे अहवाल ठीक आले, तिसऱ्याचा 'एएस' आला. त्याला ते प्रथमच कळले. ट्रेनरने वहीत त्याच्या नावापुढे तसे लिहून ठेवले आहे, आणि धावण्याच्या दिवशी पाण्याची बाटली आधी त्याच्या हातात जाते.